बायांच्या दंडारीचा पुरावा

पोस्टभाऊंना कुणी येऊन सांगितलं, की तलावाच्या पाळीवर वाघ आला, तर ते आधी विचारायचे, "कोनं पाह्यला?" सांगणाऱ्यानं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं की म्हणायचे, "मंग त्याले पाठव. तू काऊन सांगून राह्यला?" तोवर बाकीचं गाव कडी लावून घरात बसलेलं असायचं आणि भाऊ एकटे ओट्यावर. वाघानं त्यांना नेलं नाही, यात त्यांची हुशारी काही नव्हती.

गावच्या टपाल कचेरीत जन्म गेला, म्हणून पोस्टभाऊ. रिटायर झाल्यावर मुलीनं मोठा मोबाइल घेऊन दिला. दुसरे म्हातारे मोबाइलवर भजनं आणि भांडणं पाहतात. भाऊंनी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायला घेतलं. तलाव, पक्षी, जुनी देवळं, असं आपल्या भागातलं. तिथे कुणीही लिहू शकतं आणि चुकीचं असलं तर कुणीही खोडू शकतं, हे त्यांनी मला समजावलं. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळलं. लिहिण्यापेक्षा खोडायचं काम ते जास्त मन लावून करायचे. "एका गावानं लिहिलं, आमचा तलाव आशियात पहिला. काढून टाकलं," असं सांगताना तोंडावर असा आनंद, की जणू नातू झाला.

आता आमच्या दंडारीचं सांगते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत भरदुपारी दंडार होते, गाणं, नाच, सोंगं. ती पुरुष करायचे, बाईचं सोंगसुद्धा पुरुषच. मग गावचे पुरुष बल्लारपूर, सूरजागडकडे कामाला गेले आणि एका वर्षी मंडईला कुणी आलंच नाही. माझी शेजारीण सगुणा म्हणाली, "आपण करू." मी म्हटलं, पुरुषांची कामं कोण करणार? ती म्हणाली, "मिशी लावली का झालं. मरदात दुसरं काय असते?" मी काजळाची मिशी काढली. त्या दुपारी लोक झाडावर चढून बसले होते. तेव्हापासून दरसाल बायांचीच दंडार. सगुणा गेली, पण दंडार थांबली नाही. तिचा चांगला फोटो नव्हता, सातबाऱ्यावर नाव नव्हतं. तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढं एकच माझ्या मनात होतं.

आमच्या अंगणवाडीच्या सुनीताबाईनं ज्ञानकोशात दंडारीचं पान केलं. पहिल्याच ओळीत सगुणाचं नाव. आम्ही बायांनी एकमेकींच्या हातून मोबाइल ओढून ओढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पानावर पाटी आली: हा विषय ज्ञानकोशात ठेवण्याजोगा आहे का, सात दिवस चर्चा होईल, नाहीतर पान काढलं जाईल. पाटी लावणाऱ्याचं नाव पाहिलं, तर पोस्टभाऊ.

मी तडक त्यांच्या ओट्यावर गेले.

"भाऊ, दंडार होते का नाई होत?"

"होते ना. मी पुढच्या रांगेत बसतो."

"मंग पाटी काऊन लावली?"

"बाई, होते हे मले मालूम हाय. पन आपल्या गावाबाहेरच्या कोनी, आपल्या मनानं, बारकाईनं लिहिलेलं कुठी हाय? ते दाखवा."

"बाहेरच्याले आमची काय पडली?"

"तेच तर पाहून राह्यलो," भाऊ म्हणाले. "पडली का नाई पडली."

मग गाव पेटलं. सरपंचानं "जगप्रसिद्ध दंडार" असा फ्लेक्स लावला. भाऊंनी चष्मा पुसून तो वाचला आणि विचारलं, "कोन्या जगात?" आम्ही घरोघर फिरून वहीभर सह्या-अंगठे आणले. ते म्हणाले, सगळे अंगठे याच गावचे. शेवटी सुनीताबाईनं तीन पेपरांची कात्रणं आणली. तीन वेगळे पेपर. आता बोला, असं म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

भाऊंनी तिन्ही वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "बाई, हे तीन पेपर नाई. हा मी हाय." टपालात असताना मंडईची बातमी तेच कागदावर तीनदा लिहून तालुक्याच्या वार्ताहरांना धाडायचे. शब्दाला शब्द तसाच छापलेला. हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी चर्चेत स्वतः लिहिलं, की या बातम्या माझ्या आहेत, पुरावा म्हणून धरू नयेत. आठव्या दिवशी पान गेलं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं, आणि त्याचा मला अजूनही पस्तावा नाही.

पण भाऊ बसले नाहीत. त्यांनी कॉलेजांना पोस्टकार्डं लिहिली. त्यात आमची एका शब्दानं तारीफ नव्हती, मंडईची तारीख आणि वडसाहून गाडी कुठे मिळते एवढंच. दोन मंडया कुणी आलं नाही. तिसरीला नागपूरच्या एक प्राध्यापक बाई उतरल्या. माझी मिशी अर्धीच काढून झाली होती, मी तशीच पाहायला पळाले. भाऊ आडवे आले आणि हळूच म्हणाले, "तिले जेवाले घालू नका. चहा पन नाई. घातलं का तिचं लिहिनं आपलं झालं."

मंडईच्या दिवशी आलेल्या पाहुणीला उपाशी ठेवायचं. अशी लाज गावानं कधी पाहिली नव्हती. घरोघरी वडे तळलेले, आणि त्या बाई आंब्याखाली बसून डब्यातली गार पोळी खात होत्या. साऱ्या गावानं माना खाली घातल्या. मी त्या रागात अशी नाचले, की ढोलकीवाली मागे पडली.

दीड वर्षानं पुस्तक आलं. त्यात आमच्यावर चार पानं. सुनीताबाईनं ओट्यावर मोठ्यानं वाचलं. लिहिलं होतं, की दंडार सुरू करणाऱ्या सगुणाबाई अत्यंत तापट होत्या, गाणं चुकलं की टाळ फेकून मारत, असं जुन्या कलाकार सांगतात. आताच्या गायिकांचा सूर वारंवार ढळतो. पुरुषाचं काम करणारी वृद्ध कलाकार गरजेपेक्षा जास्त ओरडते.

"ही मी का?" मी विचारलं.

"तूच," भाऊ म्हणाले. मी त्यांना एवढं खूश कधीच पाहिलं नव्हतं. ओट्यावर दोन्ही हात आपटून म्हणाले, "वाईट लिहिलं, बाई. आपलं कोनी असं लिहिते का? आता झाला पुरावा."

पान पुन्हा झालं, पुन्हा सात दिवस चर्चा. कुठले कुठले लोक, एकमेकांना न पाहिलेले, आमच्या दंडारीवर वाद घालत होते. मी दिवसातून चारदा सुनीताबाईच्या दारात. भाऊंनी एकच ओळ लिहिली: मी याच गावचा आहे, म्हणून मत देत नाही. आठव्या दिवशी सुनीताबाई शेताच्या बांधावरून मोबाइल हलवत धावत आली. पान राहिलं. सगुणाचं नाव राहिलं, टाळ फेकण्यासकट.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. आता सुनीताबाई म्हणते, भाऊंचंही पान करू. मी नाही म्हटलं. त्यांच्यावर बाहेरच्या कुणी अजून लिहिलेलं नाही, आणि मी लिहिलेलं चालत नाही. मी त्यांच्याच गावची.