खडूबाईच्या वहीतलं डावं पान

खडूबाई मला पहिल्या दिवसापासून खपली नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं बोलले, तर ते नाइलाजानं बोलले हे लक्षात राहील.

तिचं हे नाव मीच पाडलं. शिक्षकखोलीत आली की हिच्या केसांत खडू, बाहीवर खडू, एकदा तर कानाच्या पाळीवर खडू. अंगानं काडी, आणि आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचला तर नशीब. नोकरीला लागून तिला जेमतेम तीन वर्षं झालेली, मला एकवीस. माझ्याकडे चौथी अ, तिच्याकडे चौथी ब, मधे एक भिंत. आणि आमची धाकटी त्या भिंतीच्या पलीकडे, कारण बाईंचं मूल बाईंच्याच वर्गात बसवायचं नाही, असा आमच्या शाळेचा रिवाज.

पहिली दोन वर्षं मी तिला मोजलंच नाही. मग या जूनमध्ये धाकटी तिच्या वर्गात गेली आणि घरी सुरू झालं. जेवताना ‘आमच्या बाई’, वेणी घालताना ‘आमच्या बाई’. एकदा मी चिडून म्हटलं की अगं, मीसुद्धा बाईच आहे. त्यावर लेक म्हणाली, हो, पण तू अ ची. आमचे हे हसले. मला हसू आलं नाही.

तरी ते गिळलं. पण नमुना पाठ गिळवेना. वर्षातून एकदा आसपासच्या शाळांमधले शिक्षक आमच्याकडे येतात, वर्गात मागे खुर्च्या मांडून बसतात आणि कुणी एक शिक्षक त्यांच्यासमोर तास घेऊन दाखवतो. नऊ वर्षं तो तास मी घेत होते. माझी त्यासाठीची साडी ठरलेली, तक्ते ठरलेले, शेवटचं वाक्यसुद्धा ठरलेलं. या वर्षी मोठ्या सरांनी मीटिंगमध्ये, चष्मा पुसता पुसता, सांगितलं की नमुना पाठ चौथी ब मध्ये होईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात जळत होते माझे.

आता टाचण म्हणजे काय ते सांगते. येत्या आठवड्यात कुठल्या तासाला काय शिकवायचं, कुठला प्रश्न कधी विचारायचा, फळ्यावर काय लिहायचं, हे आधी लिहून काढायची वही. दर शनिवारी ती तपासून सही होते. माझं टाचण शाळेत नावाजलेलं. दोन रंगांची शाई, पट्टीनं मारलेल्या रेघा, उद्दिष्टं, साहित्य, स्वाध्याय, सगळं जागच्या जागी. खोटं कशाला बोलू, गेली कित्येक वर्षं मी मागच्या वहीवरून पुढच्या वहीत उतरवतेय, फक्त तारखा बदलून. एका वर्षी तारखाही बदलायच्या राहिल्या, तरी सही मिळाली.

नमुना पाठाच्या आधीच्या शनिवारी सर गावाला गेले आणि जाताना वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेले. तुम्ही ज्येष्ठ आहात, तुम्हीच तपासा, म्हणाले. मी बाकीच्या वह्यांवर भराभर सह्या ठोकल्या आणि खडूबाईची वही पिशवीत घालून घरी आणली. तिच्यात चुका काढायच्या होत्या, दुसरं काही नाही.

रविवारी दुपारी उघडली. बघते तर काय, अक्षर म्हणजे मुंग्या. उद्दिष्टं एका ओळीत उरकलेली. मी मनात म्हटलं, सापडली. पण नमुना पाठाचं टाचण वाचायला घेतलं आणि वाचतच राहिले. विषय अपूर्णांकांचा. ‘विचारायचं: एक छेद तीन मोठा की एक छेद चार? कुणीतरी म्हणेल, चार मोठा म्हणून एक छेद चार मोठा. चूक म्हणायचं नाही. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या द्यायच्या. एकीचे तीन भाग, दुसरीचे चार. घडी त्यानंच घालायची. आपण गप्प.’ बस, एवढंच. मला इतका राग आला की काय सांगू. एवढं साधं, आणि एकवीस वर्षांत मला सुचलं नाही.

मग मी काय केलं? सोमवारी पहिल्याच तासाला तिचं टाचण माझ्या वर्गात चालवलं. शब्द न् शब्द. तिनं मंगळवारी पाहुण्यांना दाखवायच्या आत माझ्या वर्गाला ते येत असायला हवं, म्हणजे शिक्षकखोलीत सहज म्हणता येईल की हे काय, आम्ही तर कधीच केलं. पट्ट्या कापून ठेवल्या, प्रश्न विचारला आणि चुकीच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले.

ते येईचना. पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीनं हात वर केला, एक छेद तीन म्हणाली, कारणही सांगितलं. झालं. चार मिनिटांत तास संपला. मी म्हटलं, कुणाला वेगळं वाटतंय का? वर्ग चिडीचूप. पट्ट्या टेबलावर तशाच पडलेल्या. उरलेला वेळ मी पाढे म्हणवून घेतले आणि मनात म्हटलं, बघा, अ तुकडी ती अ तुकडी, इथे चुकतंच नाही कुणी.

मधल्या सुट्टीत, मुलं उत्तर आधी जिथे लिहून बघतात त्या कच्च्या वह्या गोळा केल्या. अकरा जणांनी एक छेद चार लिहून ठेवलं होतं. अकरा! काहींनी ते खोडून वर एक छेद तीन केलेलं, काहींनी ओळ हातानं झाकलेली, बोटांचे डाग दिसत होते. एकाचाही हात वर आला नव्हता. माझ्या वर्गात उत्तर पक्कं माहीत असल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही, हे मी आजवर शिस्त म्हणून मिरवत आले होते.

खडूबाईची वही परत द्यायच्या आधी मी पुन्हा उघडली. या वेळी डावी पानं. आम्ही सगळे टाचण उजव्या पानावर लिहितो, डावं कोरं सोडतो, तशी पद्धतच आहे. हिची डावी पानं गच्च भरलेली. तास झाल्यावर काय फसलं ते ती तिथे लिहायची. मुलांची नावं नाहीत, हजेरी क्रमांक. ‘नऊ आज रडला, मी घाई केली.’ ‘चोवीसला फळा दिसत नाही, पुढे बसवणे.’ आणि मग, जूनपासून, पुन्हा पुन्हा, सतरा.

सतरा म्हणजे आमची धाकटी.

‘सतराला येतं. उठायच्या आधी दाराकडे बघते.’ पुढच्या महिन्यात: ‘व्हरांड्यातून आई जाताना दिसली. सतरा अर्धी उठलेली, खाली बसली.’ आणि शेवटी, नमुना पाठासमोरच्या डाव्या पानावर: ‘हा प्रश्न सतरासाठीच काढला होता. एकदा तिनं सगळ्यांसमोर चुकून बघायला हवं. पण मागे आई बसणार. म्हणून नऊला विचारायचं.’

मी वही मिटली, सही केली आणि शिपाईमामांच्या हाती पाठवून दिली. दिवसभर अंगाचा नुसता तिळपापड. माझी पोर, माझ्या पोटची, आणि तिच्याबद्दल हे मला हिनं सांगायचं? तेही सांगायचं नाही, लिहून ठेवायचं!

मंगळवारी मागच्या रांगेत पहिली खुर्ची ज्येष्ठ म्हणून माझी. वर्ग भरला, पाहुणे बसले. खडूबाई बारीक आवाजात बोलत होती आणि तो ऐकायला सगळा वर्ग पुढे झुकला होता. तिसऱ्या बाकावरून आमची धाकटी एकदा मागे वळली, मला बघून पुन्हा सरळ झाली. तिची मान मला पाठमोरी दिसत होती. ताठ, लाकडासारखी. घरी परीक्षेचे पेपर दाखवताना असते तशी.

खडूबाईनं पट्ट्या उचलल्या. मला ठाऊक होतं, आता प्रश्न येणार आणि तो नऊला जाणार. मी बसून राहिले असते तर पाठ रंगला असता, टाळ्या पडल्या असत्या आणि मला चहाच्या वेळी दोन खुसपटं काढता आली असती. मी उठले. खोकल्याचं निमित्त केलं, खुर्च्यांमधून वाट काढली आणि दारापाशी एक क्षण खडूबाईकडे पाहिलं. तीही माझ्याकडे बघत होती. मी दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

आतून प्रश्न आला. मग, नऊऐवजी आमच्या धाकटीचं नाव घेऊन, “तुला काय वाटतं?”

बाक करकरला. मग आमच्या धाकटीचा आवाज, घरी भावाशी भांडताना असतो तेवढा मोठा. “एक छेद चार. कारण चार मोठा असतो.”

कुणी हसलं नाही. कागद सरकल्याचे आवाज, खडूबाई गप्प. आणि मग माझी लेक, वीसेक परक्या माणसांसमोर, खळखळून हसली. “अय्या, हा तर छोटा झाला!” मी व्हरांड्यात दात-ओठ खात उभी होते. आनंद झाला का? झाला. पण त्याहून जास्त हेवा वाटला, हे खरं. ते हसू मी वर्गात कधी कमावलं नव्हतं.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते. ती दप्तर टाकून जवळ आली, म्हणाली, आज मी उत्तर दिलं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बरोबर आलं ना?”

तिनं दाराकडे पाहिलं.

अगदी वहीत लिहिलं होतं तसं. मी हातातली जुडी खाली ठेवली, जवळच्या वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि म्हटलं, मलाही तीन सारखे भाग करून बघायचेत. घडी घातली. एक भाग मोठा, दोन बारीक. पुन्हा घातली, पुन्हा तेच. तीन सारखे भाग करणं वाटतं तितकं सोपं नाही. धाकटी आधी नुसती बघत राहिली. मग माझ्या शेजारी येऊन बसली.

“चुकलं तर चुकू दे,” ती म्हणाली, बारीक आवाजात, सावकाश. “घाई नाही. परत घाल.”

तो सूर तिचा नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या लेकीच्या तोंडून, खडूबाई बोलत होती. असं जळलं आत, की हातातली पट्टी चुरगळून टाकावीशी वाटली. मी ती मांडीवर सपाट केली आणि पुन्हा घडी घालायला लागले.