आळलेला रस्सा

"आळू द्या जी," असं म्हणत तो रश्शाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, डाव आडवा ठेवायचा आणि समोर बसून विडी ओढायचा. पंगत बसलेली, पत्रावळी उडताहेत, यजमानाचा जीव टांगणीला. आमच्या मोहाडीचा हा आचारी मात्र आलू-वांग्याच्या रश्शाकडे ध्यान लावून बसलेला.

मी शेजारी, म्हणून प्रवचन मला फुकट मिळे. आटताना पाणी उडून जातं. आळताना ते रश्शातच राहतं, फक्त पळायचं सोडतं. चुलीवरून उतरवलेला रस्सा आपसूक अंग धरतो, तो आळला. बेसन लावून दाट करणाऱ्यांना तो सरळ भामटे म्हणायचा. दूध आळायचं, वरण आळायचं. तहसीलमध्ये अडकलेलं कामसुद्धा त्याच्या मते आळतच असायचं. तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल. त्याच्याशी वाद घालू नये.

पोरीच्या लग्नातही त्यानं हेच केलं. आई नसलेली एकुलती पोर, म्हणून स्वयंपाकाला दुसऱ्या कोणाचा हात लागू देईना. चिखल्याचं वऱ्हाड उन्हानं भाजून आलेलं. नवरदेवाचा मामा पत्रावळीवरून उठला.

"जेवाले देता का जाऊ परत?"

"अजून आळला नाही जी. काहून घाई करून राहिले?"

मामानं चपला घातल्या. त्याच्यामागे आणखी माणसं उठली. लग्न मोडतं की काय, म्हणून आम्ही त्यांना अडवायला धावलो. तेवढ्यात नवरीच आली आणि तिनं डाव उचलला.

"बाबा, मले भूक लागली."

झालं. पातळ रस्सा पंगतीत धावू लागला. मामानं मागून मागून घेतला आणि लग्न निभावलं. हा मात्र मांडवामागे बसून रडत होता. पोर सासरी जाते म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं.

"पोरगी पातळ खाऊन चालली," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी उरलेल्या, रात्रभरात आळलेल्या रश्शाचा डबा मांडीवर घेऊन गडी चिखल्याकडच्या बसमध्ये बसला. मे महिन्यातला रस्सा, तोही शिळा. संध्याकाळी छाती फुगवून परतला.

"पुसून खाल्ला जी पोरीनं."

पुढे कित्येक वर्षं भेटेल त्याला त्यानं हे ऐकवलं. गेल्या पावसाळ्यात तो गेला. फार आठवतो. आता सांगायला हरकत नाही, त्याच संध्याकाळी पोरीचा मला फोन आला होता.

"काका, रस्सा आंबला होता. बाबाले सांगू नका जी."