मोजणीच्या आधी तोडलेला डोंगर

पेठच्या बाजूला आमच्या गावावरच्या डोंगराची एक उतरण आमच्या मालकीची आहे. अर्धी बाबांची, अर्धी धाकट्या काकांची. साग, ऐन, मोह असं दाट रान होतं. त्याच्या पायथ्याच्या झऱ्यावर सगळी वाडी पाणी भरायची.

मी ओझरला कारखान्यात कामाला होतो. एकदा सुट्टीला घरी गेलो, तर ओटीवर कुठल्याशा कंपनीचा माणूस बसलेला. झाडं हवा साफ ठेवतात, पाणी धरतात. ती तोडली नाहीत तर दरवर्षी पैसे मिळतील, असं तो समजावत होता. बाबा मान डोलवत होते.

काकांनी विचारलं, "घराला लाकूड लागलं तर?"

"करार संपेपर्यंत तोडता येणार नाही."

"म्हंजे जमीन माझी, झाडं तुमची?"

"तसं नाही हो, काका."

"तसंच हाय."

तो माणूस झाडांच्या मोजणीला येतो म्हणून गेला. काका बाबांना म्हणाले, "दादा, धरणात जमिनी गेल्या त्यांच्याशीबी असंच गोड बोलले होते. एकदा मोजलं की आपलं काय ऱ्हात नाय."

मोजणीच्या आधीच, माझी सुट्टी संपायच्या आत, काकांनी लाकडाचा ठेकेदार आणला. बाबा आणि मी वर धावलो.

"निदान झऱ्यावरची तरी ठेव," बाबा म्हणाले.

"तीच आधी अडकवतील," काका म्हणाले. ते खरंच घाबरलेले होते. मला भांडायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी मागे फिरलो. काकांची अर्धी उतरण उघडी पडली.

उरलेलं रान फार लहान पडतं, असं सांगून कंपनी दुसरीकडे गेली. बाबा आपलं रान पूर्वीसारखं राखतील, असं मला वाटलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनीही त्याच ठेकेदाराला बोलावलं. मी फोनवर ओरडलो.

ते शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं कुणी पैसे देत नव्हतं, तरी राखलं. मला कधी काय वाटलं नाय. आता त्याची किंमत लावून सोडून गेले. आता रोज वर बघितलं की फसल्यासारखं वाटतं."

दोन पावसाळ्यांत उतरणीची माती धुपून खाली आली. काकांचं भाताचं खाचर दगडगोट्यांनी भरलं. झरा आता होळीच्या आतच आटतो. आई टँकरसाठी रस्त्यावर थांबते. एकदा तिला विचारलं, "तू का नाही अडवलंस त्यांना?"

"ओटीवर बसून ठरलं सगळं," ती म्हणाली. "मी आत भाकऱ्या थापत होते."

काका-काकू आता हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जातात.