तेलाचा लवलेश

मुलांनो, तुमच्या आईला आपल्या आईच्या, म्हणजे माझ्या, इंग्रजीचा फार अभिमान. म्हणून तिनं तिकडून साबणाची कृती पाठवली, तीही इंग्रजीतच. त्या इंग्रजीनं काय घोळ घातला ते मीच लिहिते, नाहीतर ती तिखटमीठ लावून सांगेल.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी दिवस टँकर. समोर सहा मजली इमारतीचं बांधकाम चालू होतं. त्यांना पाणी कुठून मिळे कुणास ठाऊक. टँकरचं पाणी इतकं जड, की फेस म्हणून येत नसे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी पैठणकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्या पाण्यानं आणि बाजारच्या पावडरीनं त्यांची बोटं लाल होऊन त्यांना भेगा पडल्या होत्या. चटणी वाटताना डोळ्यांत पाणी येई. मी म्हटलं, "तुमच्यासाठी मी सौम्य साबण करते."

"न्हायाला पाणी न्हाई अन् बाईला साबणाची हौस!" मावशी म्हणाल्या.

मी सगळं शिस्तीत मांडलं. करडईचं तेल आणि खोबरेल काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजलं, हातमोजे चढवले, खिडक्या उघडल्या, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवला, ते पाणी निवल्यावर तेलात ओतलं. कागदावर होतं, ट्रेस येईपर्यंत ढवळा. ट्रेस म्हणजे लवलेश, हे मला शाळेपासून पाठ. म्हणजे तेलाचा लवलेश उरेपर्यंत ढवळायचं. दहा मिनिटांत वर जेमतेम चार थेंब तरंगत होते. लवलेश! मी समाधानानं सगळं साच्यात ओतलं.

सकाळी साच्यावर बोटभर तेल.

"बाई, लोणचं घातलं का काय?" मावशींनी वाकून पाहिलं. "असू द्या. वरचं तेल काढते, खालचं द्या मला."

त्यांनी हात पुढे केला आणि मी ओरडलेच. "हात लावू नका! तेलात न मिसळलेलं कॉस्टिक खाली बसलंय. भेगांत गेलं तर भाजेल."

मावशींनी हात मागे घेतला. "मंग हे माझ्यासाठी केलं व्हय, का माझ्यावर?"

मला हसू येईना. मी त्या वेळी तिथं नसते, तर?

"घाटलं किती?" त्यांनी विचारलं.

"तेल जवळजवळ दिसेनासं होईपर्यंत."

"अन् रेघ?"

"कसली रेघ?"

"पिठलं कधी केलं का न्हाई, बाई? पळीनं वर रेघ ओढायची. मिटली तर कच्चं."

मी कागद उचलला. ट्रेसच्या पुढच्याच वाक्यात हेच लिहिलं होतं: मिश्रणाची धार वर पडली, की तिची रेघ तशीच राहिली पाहिजे. मी ते वाक्य वाचलंच नव्हतं. शब्द ओळखीचा असला, की आपण पुढे वाचायला थांबत नाही.

मग तेलासकट सगळं स्टीलच्या पातेल्यात घातलं, पातेलं गरम पाण्यात ठेवलं आणि ढवळायला लागले. मावशी दारात उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "मिटली. अजून." "मिटली, बाई, हात का थांबला?" माझा खांदा भरून आला तेव्हा कुठे रेघ राहिली. "आता ओता," मावशी म्हणाल्या. वड्या ओबडधोबड झाल्या, पण तेल पुन्हा वर आलं नाही.

त्या सहा आठवडे कपाटावर वाळवल्या. मग पहिले आठ दिवस मी स्वतःच त्या साबणानं हात धुतले आणि रोज निरखून पाहिले. काही झोंबलं नाही. तेव्हाच एक वडी मावशींना दिली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तर मी दारातच विचारलं, "झोंबलं का?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. भेगा होत्या; साबणानं त्या भरल्या असं मी म्हणणार नाही. पण लाली जरा उतरली होती.

"झोंबलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "पर पुढच्या बारीला तुमी निस्तं वाचा. शेवटपर्यंत. घाटणार मी."