बाबांची जळजळ

रोडगे करावेत ते आमच्या बाबांनीच. डोणगावच्या शेतात हिवाळ्यात पंगत असली की ते बायकांना चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. जाड्या कणकेचे गोळे स्वतः वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, आणि सोबतीला वांग्याची भाजी अशी, की नांदुऱ्याहून आलेली माझ्या सासरची माणसं पाण्याचा तांब्या सोडत नसत. तुपात चुरलेले रोडगे गळ्यापर्यंत हाणायचे आणि हात धुतल्याबरोबर कडुलिंबाखाली आडवं व्हायचं, हा आमचा रिवाज. जेवून बसून राहिला तो पाहुणा समजायचा.

बाबा आडवे झाले की घटकाभरात उठून बसायचे. घशात आंबट पाणी यायचं. मग खिशातल्या पुडीतला ओवा चावायचे, खायचा सोडा पाण्यातून घ्यायचे, ढेकर आला की परत लवंडायचे. तिखट खाणाऱ्याची छाती जळायचीच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

पुढं बाबा रोडग्याचा वरणात पार लगदा करून खाऊ लागले. विचारलं तर दात गेले म्हणायचे. दात तर चांगले ठणठणीत होते. आवाज बसला, त्याचं खापर थंडीवर फोडलं. एकदा भाकरीचा घास छातीतच अडकला, बाबा घामाघूम झाले, तेव्हा कुठं भावानं त्यांना ओढत बुलडाण्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. अन्ननलिका पोटाला जिथं मिळते तिथली झडप ढिली पडली की ॲसिड वर चढतं, आणि भरल्या पोटी आडवं झालं की त्याला रस्ता मोकळाच. वर्षानुवर्षं ते लागून बाबांच्या नळीत आत जखमा झाल्या, त्या भरता भरता नळीच आकसली. ओव्या-सोड्यानं नुसती आग दबत होती. मला असा संताप आला म्हणून सांगू, त्या पुडीचा, त्या कडुलिंबाचा, बाबांचासुद्धा.

नळी फुगवून घेतली, पण ती पुन्हा पुन्हा आकसते. गोळ्या चालू आहेत, खाटेची उशाकडची बाजू विटांवर चढवली आहे, संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. पातळ वरण उतरतं, पेज उतरते, रोडगा काही उतरत नाही. आणि माझा जीव कशासाठी तुटतो सांगू? पंगतीत बाबांनी शेजारी बसावं, माझ्या पत्रावळीतला करकरीत पापुद्रा ओढून घ्यावा आणि वर मलाच म्हणावं, तुले काय कळते त्यातलं. बस, एवढंच.

यंदा मी डोणगावला गेले, तर बाबांनी रोडग्यांसाठी गोवऱ्या रचलेल्या. मी भांडले, कशाला जिवाला त्रास म्हटलं. ऐकतात थोडेच. सगळं स्वतः केलं, भाजीची चव तेवढी भावाला पाहायला लावली. मग खुर्ची ओढून माझ्या समोर बसले. माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी भराभर कोंबत सुटले, एकदाचं उठता यावं म्हणून.

बाबांनी माझा हात धरला.

"हळू खाय वं," ते म्हणाले. "मले पाहू दे."