वाढत्या अंगाचा रेनकोट

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या मराठी मंडळींत प्रमिला मेश्राम चिक्कू म्हणून प्रसिद्ध. असेना का! शाळेच्या खरेदीसाठी ती वर्षभर एकाच दिवसाची वाट बघायची. उन्हाळी सुट्टी संपता संपता गावातलं एक दुकान ‘आज तुमचा कर आम्ही भरतो’ अशी सवलतीची पाटी लावायचं, आणि बाई दार उघडायच्या आधी हजर. त्यातही बूट म्हणा, रेनकोट म्हणा, सगळं वाढत्या अंगाचं. तिची लेक राखी दोन-दोन वर्षं बाह्या दुमडून सायकल हाणायची.

२०२०च्या ऑगस्टमध्येही ती गेली, पण या वेळी हिशेब वेगळा होता. कोरोनाच्या कपातीत नवऱ्याची, विलासची, नोकरी गेली होती. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर इथे राहायचा परवाना रद्द, आणि गाशा गुंडाळून नागपूर. निम्मी मुदत उलटली होती. राखी मोठ्या शाळेत जाणार म्हणून हरखलेली. तिला इतक्यात कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. तसंही सगळ्यांचं काम घरूनच चाललेलं. विलास रोज सकाळी खोलीचं दार लावून बसायचा.

दुकानात प्रमिलानं रेनकोट उचलला तो बरोब्बर मापाचा. मोठा घ्यायला हात धजेना. पुढच्या वर्षी पोरगी इथे असेल कुठे?

राखीनं तो घातला, बाह्यांकडे पाहिलं. आईच्या मराठीला कायम डचमध्ये उत्तर देणारी ही पोरगी हळूच मराठीत म्हणाली, “आपण परत चाललो ना?”

प्रमिलानं तिच्या रेनकोटाची कॉलर सारखी केली. “काहीतरीच! कोण म्हणालं?”

“आई, तू कधी बरोबर साइझ घेते का?”

दीड मीटर अंतर राखून उभ्या असलेल्या लोकांदेखत प्रमिलाला रडू फुटलं. “बाबांची नोकरी गेली गं.”

“मला माहितेय. आधी किती बोलायचे मीटिंगमध्ये. आता आवाजच येत नाही.” राखीनं आईचा हात धरला. “पण त्यांना सांगू नको, मला कळलं ते. त्यांना वाईट वाटेल.”

प्रमिलानं डोळे पुसले, आणि तोच रेनकोट घेऊन दोघी घरी आल्या. राखीनं खोलीच्या दारावर टकटक केलं.

“बाबा, मीटिंग आहे?”

“हो बेटा,” विलास आतून म्हणाला. “जरा वेळ लागेल.”

“ओके,” राखी म्हणाली, आणि आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत जिना उतरली.