तळव्यांचा वास

लॉन्ड्रीतले लोक त्याला संत म्हणायचे, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर हा गृहस्थ सिगारेट ओढायला लागला होता, पण ओढायचा अशी, की पाहणाऱ्याला हसू आवरू नये. आधी दोन्ही हात धुवायचा. मग मागच्या बोळात, बॉयलरचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे, भिंतीकडे तोंड करून ताठ उभा राहायचा. ओढून होईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचा नाही आणि संपली की क्षणभर मान खाली घालायचा. तेही मनात येईल तेव्हा नाही. सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना, ठरलेल्या वेळेला.

"अरे, तू सिगारेट ओढतोस की तिच्यापुढे हजेरी लावतोस?" डाग काढणाऱ्या बाई विचारायच्या. पहिली सिगारेट त्यांनीच त्याला दिली होती, त्यामुळे चेष्टा करायचा पहिला हक्क त्यांचा.

तो हसून वेळ मारून न्यायचा. खरं सांगायचं तर त्या तिन्ही वेळा प्रार्थनेच्या होत्या. तो ज्या पंथात जन्मला, तिथे त्या वेळांना हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. त्या पंथात गाणं नाही, रंगीत कपडा नाही, सुवासिक साबण नाही, आणि धूर तर नाहीच नाही. त्याने पंथ सोडला तोही काही आरडाओरडा करून नाही. एका दुपारी प्रार्थनेला उभा असताना त्याच्या लक्षात आलं, की आपण नुसते भिंतीशी बोलतोय. दुसऱ्या दिवशी तो उभाच राहिला नाही. आभाळ कोसळलं नाही, पोटात दुखलं नाही, काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्याने त्याची पाचावर धारण बसली. ती वेळ आली की हात नुसते लोंबकळायचे. काय करावं त्यांचं कळेना. बाईंनी सिगारेट पुढे केली तेव्हा निदान हातांची सोय झाली.

सिगारेट ओढणारे जगात पुष्कळ आहेत, त्यांचं कुणी काही वाकडं करत नाही. याची गोष्ट वेगळी होती. सभेला न येणाऱ्याला पंथ लगेच टाकत नसे; त्याला 'थंड' म्हणत. थंड माणसाने रविवारी एक तास घरी यावं, आईशी बोलावं, जेवावं, याला आडकाठी नव्हती. पण जो धुराला शिवला, तो गेला. त्याला दार बंद, ते कायमचं. त्याच्या मामाचं असंच झालं होतं. लहानपणी एकदा भर बाजारात मामा समोरून आला, आणि आई आपल्या सख्ख्या भावाच्या अंगावरून सरळ पुढे बघत निघून गेली. तिचं बोट धरून हा चालत होता. तिने त्याचा हात इतका घट्ट आवळला, की घरी जाईपर्यंत बोटं बधिर झाली होती. मामाचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

आता त्याच मामाच्या जागी आपण उभे आहोत, हे त्याला रोज बोळात उभं राहताना कळत होतं. तरी तो ओढत होता. असा विचित्र माणूस.

पकडलं जाण्याची जागाही ठरलेली होती. पंथाच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर थांबून दोन्ही तळवे पुढे करायचे असतात. घरातला मोठा माणूस ते तळवे आपल्या चेहऱ्याला लावतो, श्वास घेतो आणि म्हणतो, "हात आपला." मग आत यायचं. वडील गेल्यापासून हे काम मेहुण्याकडे आलं होतं. बहीण आणि मेहुणा आईजवळच राहायचे. मेहुणा माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. देवाला एखादी गोष्ट नजरेआड करता आली असती, मेहुण्याला नाही. म्हणून हा शुक्रवारपासूनच सिगारेट बंद करायचा, आणि रविवारी संध्याकाळी बोळात अधाशासारखा दोन ओढायचा. इतके महिने हे निभावलं होतं.

मग गुरुवारी बहिणीचा फोन आला. "दादा, तुला कुणीतरी पाहिलंय म्हणे. तोंडातून धूर काढताना. सभेत कुजबुज आहे. हे म्हणाले, रविवारी नीट बघतो. खोटं आहे ना ते?"

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "इस्त्रीची वाफ असेल."

"तेच म्हटलं मी यांना," बहीण म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्याचा मात्र टांगणीला लागला. शुक्रवारी त्याने एका कोटाच्या बाहीवर चुकीची घडी पाडली, शनिवारी रेशमी पडदा जाळता जाळता वाचवला. आणि रविवारी सकाळी, सिगारेट ओढल्याचं उघडकीला येईल या भीतीने हातपाय गार पडले, तेव्हा ते हातपाय सावरायला या शहाण्याने एक सिगारेट ओढली. शेवटचा झुरका घेतल्यावर आपण काय केलं हे त्याच्या डोक्यात शिरलं.

लॉन्ड्री बंद होती, पण किल्ली त्याच्याकडे होती. डाग काढायच्या टेबलाशी उभं राहून त्याने हात धुवायला घेतले. आधी धुण्याचा सोडा, मग व्हिनेगर, मग परत सोडा. कॉलर घासायच्या ब्रशने नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या. नाकाला लावून पाहिले. वास येतोय असं वाटलं. परत सोडा. कातडी लाल झाली, उजव्या अंगठ्यापाशी थोडं रक्त आलं, तेव्हा कुठे तो थांबला. तोंड इतक्या वेळा खळखळून धुतलं, की जिभेची चव गेली. कपडे सगळे धुतलेले घातले. जिन्यावरून वर जाताना कठड्यालाही हात लावला नाही.

दार उघडलं ते मेहुण्याने, आणि पाठोपाठ दोन शिंका दिल्या. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, गळ्याला रुमाल. सर्दीने पार बेजार झाला होता बिचारा. त्याला पाहून इतका आनंद याला पूर्वी कधीच झाला नव्हता. वाचलो, असं मनात म्हणून त्याने तळवे पुढे केले.

मेहुण्याने ते धरले, चेहऱ्याजवळ नेले, मग सोडून दिले. "छे, काही कळत नाही आज. आणि आज नीट बघायचंच आहे." तो आत वळला. "आई, जरा येता का? तुम्ही हात घ्या याचे. तुमचं नाक पक्कं आहे."

आईचं नाक काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लहानपणी तो शेजाऱ्यांकडे गाणी ऐकून यायचा तेव्हाही शर्टाच्या वासावरून ती ओळखायची, कुणाच्या घरी बसला होता ते.

आई पदराला हात पुसत आली. मागे बहीण येऊन उभी राहिली. आईने त्याचे तळवे धरले, चेहऱ्याला लावले आणि डोळे मिटले. तिचा श्वास त्याच्या सोललेल्या कातडीवर झोंबला. ती लगेच सोडेल असं वाटलं होतं, पण तिने सोडले नाहीत. आपल्या कानशिलांत ठोके पडताहेत आणि ते सगळ्यांना ऐकू जात असणार, असं त्याला वाटत राहिलं. पळून जावं, की खरं सांगून मोकळं व्हावं? बाजारातला मामा कसा उभा होता, ते त्याला आठवेना. त्या वेळी त्याने वर बघितलंच नव्हतं.

"हात आपला," आई म्हणाली. मोठ्याने, जिन्यात ऐकू जाईल अशी.

"झालं तर मग," मेहुणा म्हणाला. तोही सुटल्यासारखा हसला आणि शिंकला. बहिणीने त्याच्यासाठी पाट नाही, खुर्ची मांडली, म्हणजे आज त्याचा मान वाढला होता. जेवताना तो भराभर बोलत राहिला, पडद्याचा किस्सा सांगितला, मेहुण्याला सर्दीवर उपायही सुचवला. आई वाढत होती.

जेवण आटोपतंय तोवर दुपारच्या प्रार्थनेची वेळ झाली. मेहुणा आणि बहीण आतल्या खोलीत गेले. आई स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसून राहिली.

"आई, येताय ना?" आतून हाक आली.

"गुडघे दुखताहेत माझे. तुम्ही उरकून घ्या."

गुडघे दुखायला काय झालं होतं? आत्ता तर ती वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली होती. आणि मग त्याला लहानपणी पाठ केलेला नियम आठवला, कुणालाच कधी लागू न पडणारा म्हणून सगळे जो भराभर म्हणून टाकत. मनात शंका ठेवून ज्याने हाताचा निर्वाळा दिला, त्याने ती शंका सभेपुढे सांगितल्याशिवाय प्रार्थनेला उभं राहायचं नाही. तापातसुद्धा आई भिंतीला टेकून उभी राहिलेली त्याने पाहिली होती.

"आई, जा ना आत," तो कसंबसं म्हणाला.

"कशी जाऊ?" तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्यापाशी फुंकर घातली. "तुझ्या हाताला ओल्या कापडाचा, इस्त्रीचा वास येतो. दर रविवारी जावयांना हात देतोस तेव्हा मला आतपर्यंत येतो. आज कसलाच वास नव्हता. इतकं का घासलंस रे?"

भिंतीपलीकडे दोघांचा एका सुरात आवाज सुरू झाला, आणि तो कानावर पडताच सवयीने त्याला तलफ आली. हात आईच्या हातात, आणि बोटं सिगारेट शोधताहेत. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"सोडतो मी," तो म्हणाला. ते त्याला स्वतःलाच पटलं नाही, तिला तर नाहीच.

"ते तुझं तू बघ."

"पण मग तू त्यांना काय सांगणार? किती दिवस दुखणार गुडघे?"

आईने त्याचा हात पदराखाली घेतला. आतला आवाज चढत गेला, तशी ती नकळत ओठ हलवायला लागली आणि लक्षात येताच थांबली.

"तू येतोयस तोवर," ती म्हणाली.